पाण्याची सुई

कंपाउंडर हा शब्द आता माझ्या वयाच्या माणसांच्याच तोंडी उरला आहे. नातवाला विचारलं तर म्हणतो, “आजोबा, म्हणजे दवाखान्यात नंबर लावणारा ना?” मी त्याला समजावत बसत नाही. पण ह्या अंकासाठी धंद्यातलं काही लिहा असा आग्रह झाला आहे, तर धंदा काय होता ते आधी सांगायला हवं.

तेव्हा तयार गोळ्यांच्या पट्ट्या नव्हत्या. डॉक्टर नाडी बघून कागदाच्या चिटोऱ्यावर चार ओळी खरडत, आणि त्यावरून औषध बनवायचं ते कंपाउंडरने. खलात पूड घोटायची, लहानशा काट्यावर तोलायची, पुड्या बांधायच्या, मिक्श्चर ढवळायचं. बाटली रोग्याने घरून आणायची. ती कधी रॉकेलची असे, कधी खोबरेलाची. ती धुवून, औषध भरून, बाहेरून कागदाची लांब पट्टी चिकटवायची. कात्रीने त्या पट्टीला खाचा पाडलेल्या असत, एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. माझ्या खाचा इतक्या सारख्या असत की पट्टी उलटी चिकटवली तरी कळू नये. ही माझी बढाई. पुढे बढाई मारण्याजोगं काही येणार नाही, म्हणून आत्ताच मारून घेतो.

मी मूळचा इंदापूरचा. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मराठी सातवी होऊन, दोन वर्षं सरकारी दवाखान्यात हात बसवून मी बारामतीला एका खासगी डॉक्टरांकडे लागलो. त्यांचं नाव लिहीत नाही. गावात सगळे त्यांना नुसतं डॉक्टरच म्हणत, मीही तेच म्हणेन. रस्त्याच्या बाजूच्या दोन खोल्यांत दवाखाना आणि मागे बिऱ्हाड. मध्ये एक दार, त्याला निळा पडदा. डॉक्टरांना मूल नव्हतं. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचो, त्या मला भावजी म्हणायच्या. त्यांचं माहेरही इंदापूरचं, त्यामुळे माझ्यावर त्यांचा जरा जास्त लोभ होता.

कंपाउंडरला डॉक्टरपेक्षा जास्त ऐकायला मिळतं. डॉक्टरांपुढे माणूस छाती उघडतो, पण औषधाची वाट बघत बाकावर बसला की तोंड उघडतो. वरकुट्याची एक म्हातारी आठवते. तिचा मुलगा चाळिशीचा, पोट घागरीसारखं फुगलेलं, डोळे पिवळे. दोन हातांवरून दारूचा वास यायचा. मी म्हातारीला म्हटलं, “मावशी, ह्याची दारू सोडवा आधी.” ती माझ्यावर उखडली.

“न्हाय वं कंपोंडर! त्यो शिवतबी न्हाय. मोटारीत शेजारच्यानं सांडली ह्याच्या अंगावर.”

“मागच्या खेपेलाही सांडली होती.”

“व्हय. त्योच मानूस व्हता.”

मी खूप हसलो होतो त्या दिवशी. जेवताना डॉक्टरांना सांगितलं, तेही हसले. वर्षभरात म्हातारी एकटी आली, कपाळावर हात मारून सांगून गेली की पोराला करणी झाली होती. तेव्हाही मला मनातून तिची कीवच आली. वाटलं, डोळ्यांसमोरचं कसं दिसत नाही माणसाला. मला दिसत होतं ना सगळं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि आपल्याला कोणी फसवू शकत नाही अशी माझी खात्री होती.

डॉक्टरांचा मुतखडा खरा होता, हे मी मुद्दाम सांगतो. एका सकाळी रोगी तपासता तपासता ते टेबलावर वाकले आणि जमिनीवर बसले. घामाने सदरा भिजला. कमरेतून जांघेपर्यंत कळ, माणूस नुसता गडबडा लोळत होता. वहिनी पडदा सारून धावत आल्या आणि दाराशीच खिळल्या. डॉक्टरांनी दातांवर दात दाबून मला सांगितलं, “सदाशिव, मॉर्फिया दे.” मी स्पिरिटच्या दिव्यावर सुई उकळली आणि अफूतून काढलेलं ते कळ मारणारं औषध त्यांच्या दंडात टोचलं. पहिली सुई माझ्या हातची. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा चेहरा सैल झाला. वहिनी रडत रडत मला म्हणाल्या, “भावजी, तुम्ही नसता तर आज काय झालं असतं?”

आठवड्याभराने खडा पडून गेला. बाजरीच्या दाण्याएवढा. डॉक्टरांनी तो कागदात बांधून मला दाखवला होता. सुया मात्र थांबल्या नाहीत. आधी महिन्यातून एकदा कळ यायची, मग आठवड्यातून, मग रोज दुपारी रोगी संपले की यायची. कळ आली की डॉक्टर पडद्यामागे जात आणि थोड्या वेळाने शांत होऊन येत. पुढे सुई ते स्वतःच घेऊ लागले. दवाखान्यात मॉर्फियाचं द्रावण मीच करत असे. पूड तोलून, उकळलेल्या पाण्यात विरघळवून, रबरी बुचाच्या बाटलीत भरून ती विषारी औषधांच्या कपाटात ठेवायची. पूर्वी एक बाटली दोन-दोन महिने पुरे. आता पंधरा दिवसांत तळ दिसायला लागला. वहीत मी लिहीत होतो, ‘रोग्यास कळ, सुई दिली’. ते रोगी अस्तित्वात नव्हते. नावं मी इंदापूरच्या माझ्या वर्गातल्या मुलांची टाकायचो.

वहिनींचा दिवस त्या मुतखड्याभोवती फिरायचा. रोज पहाटे हुलगे शिजवून त्याचं कढण करायच्या आणि तांब्याभर पाजायच्या. टोमॅटो, पालक घरातून बंद. चुन्याचं पान बंद. सोमवार धरले. कोणी भेटायला आलं आणि डॉक्टर गुंगीत पडलेले असले की दारातूनच सांगायच्या, “आज कळ जास्त आहे हो, नुकता डोळा लागलाय.” हे त्या इतक्या मनापासून सांगत की येणारा पावलं न वाजवता परत जाई. गावालाही ते सोयीचं होतं. डॉक्टर हुशार, हाताला गुण, गरिबाला दोन पैसे सोडणारा. असल्या माणसाला आजार असावा, व्यसन नसावं, असंच सगळ्यांना वाटतं.

डॉक्टरांचे थोरले भाऊ त्यांना एकदा दौंडवरून पुण्याला घेऊन गेले आणि पोटाचा एक्स-रे फोटो काढून आणला. सोबत इंग्रजीत लिहिलेला कागद होता. डॉक्टर निजल्यावर वहिनींनी तो मला आणून दिला. “वाचा ना भावजी, खडा केवढा आहे?”

कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की कुठेही खडा नाही. एवढं इंग्रजी मला येत होतं.

मी कागद दोनदा वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, “फोटोत नीटसा आलेला नाही, वहिनी.”

“बारीक असेल.”

“असेल. बारीक खडे फोटोत येत नाहीत कधी कधी.”

“बारकेच जास्त टोचतात,” त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून आत गेल्या. वरकुट्याची म्हातारी त्या वेळी मला आठवली नाही. हे लिहिताना आठवते आहे.

तरीही आम्हा दोघांनाही आत कुठेतरी कळत होतं, नाहीतर पुढचं घडलं नसतं. श्रावणात एका दुपारी रोगी गेल्यावर वहिनी औषधाच्या खोलीत आल्या. डॉक्टर पळसदेवला व्हिजिटला गेले होते. वहिनींनी खलाकडे बघत विचारलं, “भावजी, हे सुईचं औषध फार कडक असतं का?”

“असतं.”

“त्याने शक्ती जाते ना माणसाची? त्यांचं अंग बघता ना तुम्ही. नुसती हाडं झालीत.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “त्यात थोडं पाणी जास्त घालता येईल का? त्यांना न सांगता?”

मी खल बाजूला सारला. खरं सांगायचं तर हा विचार महिनाभर माझ्याही डोक्यात होता. एकदम बंद केलं तर माणूस वेडापिसा होतो, हे मी ऐकलं होतं. पण दर बाटलीला पूड थोडी थोडी कमी करत गेलं तर शरीराला कळणार नाही, आणि एक दिवस ते नुसत्या पाण्याची सुई घेऊन बरे झालेले असतील. मग आम्ही कधीतरी त्यांना सांगू आणि तिघंही हसू. हे मी वहिनींना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, “देवानेच तुम्हाला ह्या घरात पाठवलंय.”

मला ते फार गोड वाटलं. मी नुसता पुड्या बांधणारा नव्हतो, मी एका डॉक्टरला बरं करणार होतो.

प्रश्न उरलेल्या पुडीचा होता. पूड डॉक्टरांच्या सहीने पुण्याहून येत असे. ती पूर्वीइतकीच मागवायला हवी होती, नाहीतर त्यांना संशय आला असता. दर बाटलीमागे जी वाचेल तिच्या मी लहान लहान पुड्या बांधून वहिनींना देऊ लागलो.

“मोरीत ओतून टाका,” मी म्हटलं.

“टाकायची कशाला? कधी खरंच कळ आली तर? पेटीत ठेवते, लुगड्यांच्या खाली.”

‘खरंच’ हा शब्द त्या बोलून गेल्या. दोघांनीही तो ऐकला नाही असं केलं.

भाद्रपद, आश्विन गेला. मी दर बाटलीला पूड कमी करत होतो आणि डॉक्टरांवर डोळा ठेवून होतो. घाम फुटतो का, हात कापतात का, चिडचिड होते का. काहीच नाही. उलट माणूस सुधारत होता. चार घास जास्त जेवू लागले. दिवाळीत त्यांनी मला स्वतःच्या हाताने करंजी वाढली. वहिनी त्यांच्या पाठीमागून माझ्याकडे बघून हसल्या. कार्तिकात बाटलीत नावापुरती पूड होती आणि मार्गशीर्ष लागला तेव्हा मी नुसतं उकळलेलं पाणी भरलं. डॉक्टर दुपारी कपाट उघडत, बाटली घेऊन पडद्यामागे जात आणि शांत होऊन येत. त्या महिन्याइतका आनंदात मी नोकरीत कधीच नव्हतो. बायकोला म्हटलं, “मी एक मोठं काम केलंय, पण तुला सांगता येत नाही.”

एवढं सरळ कसं जमलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. दुसऱ्या कोणाच्या घरी हे घडलं असतं, तर मला तो पहिल्या आठवड्यात पडला असता.

पौषात कालव्याकाठचे ऊस तुटायला लागले आणि मळ्यामळ्यांतून गुऱ्हाळं सुरू झाली. काहिलीतला रस आटून गूळ झाला की ती अवजड कढई चार-सहा जण दांड्यांनी उचलतात आणि वाफ्यात ओततात. ह्या कामात पाय सरकून चालत नाही. एका सकाळी नऊच्या सुमाराला दवाखान्यापुढे बैलगाडी येऊन थांबली. गाडीत बाज होती आणि बाजेवर केळीच्या पानांत गुंडाळलेला माणूस. धोंडिबा नाव, तिशीचा गडी. काहील उचलताना त्याचा पाय निसटला होता आणि उकळता रस छातीपासून मांड्यांपर्यंत सांडला होता. गूळ पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो अंगाला धरून बसतो आणि भाजतच राहतो. धोंडिबाचा बाप गाडीमागून चालत आला होता, त्याला आबा म्हणत. आबाच्या हातांनाही फोड आले होते, मुलाच्या अंगावरचा गूळ काढताना.

धोंडिबा ओरडत होता. त्या ओरडण्याचं वर्णन मी करणार नाही. रस्त्यापलीकडचे दुकानदार उठून उभे राहिले होते, एवढंच सांगतो.

डॉक्टरांनी पानं उचलून एकदा बघितलं. माझ्याकडे मान हलवली. हा माणूस वाचणार नव्हता. करण्यासारखं एकच होतं, त्याचं दुखणं थांबवणं. त्यांनी कपाट उघडलं, बाटली काढली, सुई भरली आणि टोचली. मी चुन्याच्या निवळीत जवसाचं तेल फेटत होतो, तेव्हा भाजल्यावर तेच लावत. माझे हात फेटत होते आणि डोळे त्या बाटलीवर होते.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. डॉक्टरांनी दुसरी सुई दिली.

“डाक्टर, सुई लागंना का वं?” आबाने विचारलं.

“लागेल. जखम मोठी आहे.”

“आर्र देवा! लई वंगाळ वरडतोय वं त्यो. जरा मोठी सुई द्या की.”

डॉक्टरांनी तिसरी सुई भरली. मी मान वर केली तर वहिनी पडदा धरून दारात उभ्या होत्या. रोगी असताना त्या दवाखान्यात कधी येत नसत. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीही त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द कोणी बोलायला हवा होता. मी बोललो तर डॉक्टरांना कळणार होतं की आम्ही चार महिने त्यांना फसवत आलो. चार महिन्यांची मेहनत, त्यांची तब्येत, वहिनींचं हसू, सगळं एका वाक्यात जाणार होतं. मी खाली बघून तेल फेटत राहिलो. वहिनींनी पडदा सोडला आणि त्या आत गेल्या.

हे किती वेळ चाललं? मी नंतर पुष्कळदा मोजून पाहिलं आहे. गाडी नऊला आली. कालव्यावरच्या साहेबाची मोटार रोज साडेदहाला रस्त्यावरून जायची, ती गेली तेव्हा मी उठलो. दीड तास. एवढा वेळ मी एका माणसाला भाजू दिलं.

मी डॉक्टरांच्या कानाशी गेलो. “डॉक्टर, त्या बाटलीत पाणी आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. धोंडिबाच्या मनगटावरची बोटं तशीच ठेवून ते हळू म्हणाले, “मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून.”

मला काही समजेना. पाणी आहे हे माहीत असून ह्या माणसाने तीन सुया टोचल्या होत्या? मग डॉक्टरांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. हात बराच वेळ आतच राहिला. शेवटी त्यांनी एक बोटभर कुपी बाहेर काढली आणि मुठीत धरली. त्यांच्या चेहऱ्यावर मी अशी भीती कधी पाहिली नव्हती, धोंडिबाचं अंग उघडलं तेव्हाही नाही.

“यात थोडंच आहे,” ते म्हणाले.

त्यांनी अर्धी कुपी सुईत ओढली. दहा मिनिटांत धोंडिबाचं ओरडणं कण्हण्यावर आलं आणि मग तेही थांबलं. आबाने डॉक्टरांच्या पायांवर डोकं टेकलं. डॉक्टरांनी पाय मागे घेतले, कुपी खिशात टाकली आणि ते आत गेले.

दोनच्या सुमाराला धोंडिबा जागा झाला आणि पुन्हा सुरू झालं. मी आत धावलो. डॉक्टर आरामखुर्चीत बसले होते. कुपी शेजारच्या स्टुलावर होती, रिकामी. त्यांचा चेहरा अगदी शांत होता. माझ्याकडे बघून म्हणाले, “सदाशिव, मला सकाळपासून कळ येत होती रे.”

मी तसाच वळलो. स्वयंपाकघरात गेलो. वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या, चूल विझलेली होती.

“वहिनी, पुड्या द्या. सगळ्या द्या.”

त्यांनी पेटी दाखवली. पेटीला कुलूप नव्हतं. कडी नुसती लावलेली. मी लुगडी बाजूला काढली. मी बांधून दिलेल्या तीसच्या वर पुड्या असायला हव्या होत्या. होत्या तीन. बाकीच्यांचे रिकामे कागद होते, माझ्याच घड्यांचे, नीट एकावर एक रचून ठेवलेले.

डॉक्टर कसे सुधारले, त्यांचे हात का कापले नाहीत, ते मला त्या कागदांपुढे उकिडवा बसलेला असताना कळलं. आम्ही जे एका हाताने काढून घेत होतो ते दुसऱ्या हाताने त्यांना मिळत होतं. कपाटातली बाटली ते फक्त माझ्यासाठी उघडत होते. मला वाईट वाटू नये म्हणून असेल. चार महिन्यांत आमची पाण्याची सुई ज्याला खरोखर लागली असा एकच माणूस होता, आणि तो बाहेर ओरडत होता.

“वहिनी, पुड्या कुठे गेल्या?”

त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी कागदांकडे पाहिलं.

“उंदरांनी नेल्या असतील,” त्या म्हणाल्या. “यंदा उंदीर फार झालेत.”

मी त्या तीन पुड्या पाण्यात विरघळवल्या. धोंडिबाला शेवटची सुई मी दिली. दिवे लागायच्या आत तो गेला, झोपेत गेला.

पंधरा दिवसांनी आबा पुन्हा आला. हातांचे फोड सुकले होते. सोबत गुळाची एक ढेप होती, डॉक्टरांसाठी.

“तुमी व्हता म्हनून ल्योक निवांत गेला,” तो डॉक्टरांना म्हणाला. “आमच्या भावकीत एक जन असाच भाजला व्हता, तीन दिस वरडत व्हता. माझ्या पोराचं दीड-दोन तासांत भागलं. तुमचे लई उपकार हायेत.”

डॉक्टरांनी ढेपीला हात लावून नमस्कार केला. “माणसाच्या हातात जेवढं असतं तेवढं करायचं, आबा,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी ढेप उचलून आत नेऊन ठेवली. आबाला गाडीपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत त्याला सांगावं असं तीनदा मनात आलं. तिन्ही वेळा मी स्वतःला बजावलं की त्याचं समाधान मोडण्यात काय पुण्य आहे. मोडणार होतं ते माझं, हे मला कळत होतं.

लोक विचारतील, मग तुम्ही नोकरी का सोडली नाहीत? मी स्वतःला उत्तर दिलं होतं, मी गेलो तर त्यांच्याकडे लक्ष कोण देणार? पुढे आयुष्यभर हे वाक्य मी दारुड्यांच्या, अफूबाजांच्या बायकांच्या, आयांच्या तोंडून ऐकलं, शब्दाला शब्द तेच, आणि दर वेळी मला बारामतीतली ती औषधाची खोली दिसली. मी आणखी चार वर्षं तिथे राहिलो. पूड पुन्हा पूर्ण घालू लागलो, कारण दवाखान्यात खऱ्या रोग्यांसाठी ती असायलाच हवी होती. डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वहीत माझ्या वर्गातली सगळी नावं संपली, मग मी शेजारच्या आळीतली घ्यायला लागलो.

त्यांच्या मांड्यांवर सुयांच्या गाठी झाल्या होत्या. एक गाठ पिकली, विष अंगात भिनलं, आणि पेनिसिलिन आमच्यापर्यंत यायच्या पुष्कळ आधी ते नवव्या दिवशी गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला अख्खी पेठ बंद होती. वहिनी प्रत्येकाला सांगत होत्या, “मुतखड्याने नेलं हो त्यांना. सात वर्षं सोसलं, पण कुणाला कळू दिलं नाही.” लोक मान हलवत होते. कोणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, “एवढा मोठा होता का हो खडा?” मी म्हणालो, “हो ना.”

मी नंतर सरकारी दवाखान्यात लागलो, बदल्या होत होत निवृत्त झालो. वहिनी इंदापूरला भावाकडे जाऊन राहिल्या. सणावाराला गावी गेलो की मी त्यांना भेटून येत असे. आम्ही पीकपाण्याचं बोलायचो, कोणाचं लग्न झालं, कोण गेलं, जुनं पळसदेव धरणात बुडणार म्हणतात ते खरं का. डॉक्टरांचा विषय निघाला तरी त्यांची हुशारी आणि त्यांचा आजार, त्यापलीकडे जात नसे.

शेवटची भेट झाली तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाल्या, “बसा जरा. एक विचारायचं होतं.”

मी बसलो.

“भावजी, त्या पेटीचं कुलूप माझ्याकडे होतं. किल्ली कमरेला असायची. मी ते लावलं का नाही, तुम्हाला काय वाटतं?”

त्यांचे हात थांबले होते. त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही खरं विचारलं होतं. त्यांना उत्तर माहीत होतं आणि ते एकटीने धरून ठेवणं त्यांना आता जड झालं होतं, एवढं मला दिसत होतं. मी नुसतं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

“विसरला असाल, वहिनी,” मी म्हणालो. “कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल.”

त्यांनी नजर शेंगांकडे वळवली. मग म्हणाल्या, “हं. तसंच झालं असेल,” आणि पुढची शेंग उचलली.